‘मगर’ : किनाऱ्यावर चढणारे जहाज

वाशीमच्या श्रोत्यांपुढे जहाजाचा विषय मांडावयाचा म्हणजे प्रथम थोडा खुलासा करावयास हवा. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तथापि जहाजांतून सैन्य नेऊन परक्या किनाऱ्यावर उतरविण्याचे एक प्राचीन चित्र या नगरीच्याच राजांच्या काळी काढले गेले आहे. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील हरिषेण राजाचे नाव अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील शिलालेखात येते, आणि त्याच लेण्याच्या भिंतीवर सिंहलाची लंकेवरील स्वारी रंगविलेली आहे. नावांमध्ये हत्ती आहेत, घोडे आहेत, शस्त्रे घेतलेले वीर आहेत. नाव आणि कोरडी जमीन यांच्यामधले थोडेसे पाणी हत्तीने कसे ओलांडावयाचे? पंधराशे वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. फरक एवढाच, की हत्तीच्या जागी रणगाडा आला होता.

१९४० साली डंकर्कहून तीन लाखांहून अधिक शिपाई इंग्लंडला परतले; पण तोफा व गाड्या तेथेच टाकून द्याव्या लागल्या. युरोपात पुन्हा पाऊल ठेवावयाचे तर रणगाडे बंदराशिवाय उतरविता आले पाहिजेत, हे त्या दिवशी उघड झाले. कारण बंदरे शत्रूच्या ताब्यात होती. इंग्रजांनी प्रथम व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवरातून तेल वाहणारी उथळ बुडाची तीन जहाजे घेतली व त्यांचे नाक कापून तेथे दरवाजे बसविले. पण खरी मेख वेगळीच होती. महासागर ओलांडणारे जहाज पाण्यात खोल बुडालेले असावे लागते, नाहीतर ते लाटांवर हेलकावते. किनाऱ्यावर चढणारे जहाज मात्र उथळ हवे. दोन्ही गुण एकत्र आणावयाचे कसे?

नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकन आरमाराचे नौकारचनाकार जॉन नीडरमायर यांनी तोड काढली. जहाजाच्या पोटात पाण्याच्या टाक्या ठेवावयाच्या. भर समुद्रात त्या भरल्या की जहाज खोल बसते. किनारा जवळ आला की पंपाने उपसल्या की ते वर उठते. मग पाठीमागचा नांगर आधीच समुद्रात टाकून जहाज सरळ वाळूत घुसवावयाचे, नाकाचे दरवाजे उघडून उतरंड खाली सोडावयाची आणि रणगाडे बाहेर काढावयाचे. परतताना तोच नांगर ओढून जहाज मागे घ्यावयाचे. या जातीची हजाराहून अधिक जहाजे अमेरिकेने बांधली. ती इतकी संथ होती, की त्यांच्या नावाच्या तीन आद्याक्षरांचा अर्थ खलाशी थट्टेने ‘मोठे, संथ लक्ष्य’ असा लावीत.

ही जहाजे बांधली कोणी, हे आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवावे. समुद्रकाठचे कारखाने मोठ्या युद्धनौकांत गुंतलेले असल्यामुळे कित्येक जहाजे अमेरिकेच्या अंतर्भागात, नद्यांच्या काठी तयार झाली. ओहायो नदीवरील एव्हान्सव्हिल या एकाच गावाने १६७ बांधली. तेथील कामकऱ्यांत स्त्रियाही होत्या. तेथून ती नदीमार्गाने समुद्राला मिळत.

इतकी बांधूनही ती पुरली नाहीत, आणि त्या तुटवड्याची झळ आपल्या देशाला लागली. मार्च १९४२ पासून अंदमान जपान्यांच्या हाती होते. ते आरमारी स्वारीने परत घेण्याचा बेत १९४३ मध्ये ठरला होता. पण युरोपातील स्वाऱ्यांसाठी हीच जहाजे हवी होती, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो सोडून देण्यात आला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९४४ रोजी, अंदमानातील हम्फ्रीगंज येथे जपान्यांनी ४४ जणांना गोळ्या घातल्या. स्वारी झाली असती तर ते वाचलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जगाच्या एका टोकाला जहाजे कमी पडली म्हणजे दुसऱ्या टोकाची माणसे किती काळ वाट पाहत राहतात, हे येथे दिसते. अंदमानची सुटका ऑक्टोबर १९४५ मध्ये झाली.

अमेरिकन जहाजे पुरेनात म्हणून इंग्रजांनी स्वतःची जात काढली. त्यांतील ३०११ क्रमांकाचे जहाज बेलफास्टच्या हार्लंड आणि वुल्फ कारखान्यात १९४५ मध्ये पाण्यात उतरले. पुढे त्याला ‘अव्हेंजर’, म्हणजे सूड घेणारा, असे नाव मिळाले; पण सूड घेण्याची वेळ येण्यापूर्वीच युद्ध संपले. १९४९ मध्ये ते भारताने घेतले आणि त्याचे नाव ठेवले ‘मगर’. पाण्यातून सरपटत काठावर येणाऱ्या आणि जबडा उघडणाऱ्या जहाजाला याहून चपखल नाव सापडणे कठीण. पुढे ‘घडियाल’, ‘गुलदार’, आणि आपल्या ओळखीची ‘घोरपड’ हीही नावे अशाच जहाजांना मिळाली.

डिसेंबर १९७१ च्या युद्धात ‘मगर’, ‘घडियाल’ व ‘गुलदार’ पूर्वेच्या आरमारात होती. कॉक्स बाजार येथे सैन्य उतरविताना किनाऱ्याची पुरेशी पाहणी झालेली नव्हती. वाळूच्या बांधावर जहाज टेकले आणि त्यापुढे पाणी खोल निघाले. उतरलेल्या गुरखा जवानांपैकी काही बुडाले. शत्रू समोर नव्हता. घात केला तो त्या थोड्याशा पाण्यानेच. जहाज कितीही कुशलतेने बांधले तरी किनारा जाणणाऱ्या माणसाची गरज संपत नाही, हा धडा त्या जवानांच्या प्राणांनी दिला.

जुन्या जहाजानंतर ‘मगर’ हेच नाव कलकत्त्यात बांधलेल्या नव्या जहाजाने १९८७ पासून २०२३ पर्यंत चालविले. मे २०२० मध्ये, महामारीने सारे मार्ग बंद असताना, त्याच जहाजाने मालदीवमध्ये अडकलेल्या २०२ भारतीयांना कोचीला आणले. परक्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्यासाठी घडविलेली ही जात त्या दिवशी आपली माणसे आपल्या किनाऱ्यावर उतरवीत होती. शस्त्राच्या इतिहासात असे पान क्वचित येते. ते आले, याचा आनंद मानावा, आणि कॉक्स बाजारचे जवान व हम्फ्रीगंजचे ते ४४ जण यांचेही स्मरण ठेवावे.