शर्यतीचे चाक आणि नित्याचा रस्ता



मोटारसायकलचा इतिहास सांगणारे लोक बहुधा इंजिनाचाच इतिहास सांगतात. इंजिनाची शक्ती कोणत्या वर्षी किती वाढली याचे सविस्तर वर्णन ते करतात. परंतु ती शक्ती रस्त्यापर्यंत पोहोचविणारी जी साधने, म्हणजे मागील चाक आणि साखळीने त्यास फिरविणारी दातेरी चक्रे, त्यांचा उल्लेख ओझरताच येतो. कारखान्यात या चक्रास स्प्रॉकेट म्हणतात; मीही तोच शब्द वापरीन. शर्यतीसाठी घडविलेली चाके व स्प्रॉकेटे रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना बसविण्याची एक हौस इंग्लंडात विसाव्या शतकाच्या मध्यास फोफावली. तिचा उगम कोठे झाला, तिने काय साधले आणि त्याची किंमत काय पडली, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम चाकाकडे वळू. आपल्या बैलगाडीच्या चाकात मध्ये तुंबा, भोवती आरे आणि बाहेरून लोखंडी धाव असते. गाडीचा भार तुंब्याखाली येणाऱ्या आऱ्यांवर उभा राहतो. तारांच्या चाकाचे शास्त्र याहून निराळे आहे. बारीक तार दाबाखाली वाकते, पण ओढ मात्र उत्तम सोसते. म्हणून सर्व तारा आधीच ताणून बसवितात. ही कल्पना सर जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०८ साली उडत्या यंत्राच्या चाकासाठी मांडली होती. पुढे १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली याने तारा तिरप्या बसविण्याचे पेटंट घेतले. तुंबा फिरवून चाक ओढावयाचे असेल, तर सरळ तारांपेक्षा तिरप्या तारा ती ओढ चांगली सहन करतात. १८८० मध्ये मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड याने रोलरची साखळी तयार केली. मोटारसायकल जन्मास येण्यापूर्वीच तिच्या चाकाची व साखळीची अशी सिद्धता झालेली होती.

तरीही आरंभीच्या पुष्कळ मोटारसायकली साखळीऐवजी पट्ट्यावर चालत. आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ साली पहिली टूरिस्ट ट्रॉफी शर्यत झाली, तेव्हा पट्ट्याचेच राज्य होते. १९११ मध्ये शर्यतीचा मार्ग बदलून तो स्नेफेल डोंगरावरून नेण्यात आला. चढावर पट्टा घसरतो, आणि एकाच गिअरवर डोंगर व सपाटी ही दोन्ही साधत नाहीत. त्या वर्षी सीनियर शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकेच्या ‘इंडियन’ गाड्यांनी पटकाविले. त्या गाड्यांना साखळी होती व दोन गिअर होते. साखळीच्या श्रेष्ठत्वाचा एवढा उघड पुरावा दुसरा कोणता पाहिजे?

साखळी आली आणि तिच्याबरोबर दात्यांचा हिशेब आला. तो आपल्या शाळेतील त्रैराशिकासारखाच आहे. गिअरपेटीवरील स्प्रॉकेटास १७ दाते व मागील चाकाच्या स्प्रॉकेटास ३८ दाते आहेत असे समजा. इंजिनाच्या ठराविक फेऱ्यांना गाडी ताशी ६० मैल जात असेल, तर पुढे १८ दाते बसविल्यास तेवढ्याच फेऱ्यांना ती सुमारे साडेत्रेसष्ट मैल जावयास पाहिजे. हिशेब बिनचूक आहे. पण तो अपुरा आहे. हवेशी झगडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग जेमतेम सहा टक्क्यांनी वाढवावयाचा, तर ही शक्ती सुमारे एकोणीस टक्क्यांनी अधिक पाहिजे. इंजिनापाशी ती शिल्लक नसेल, तर गाडी वेग घेण्याऐवजी धापा टाकू लागते. स्प्रॉकेट शक्ती निर्माण करीत नाही; ते फक्त वेग आणि ओढ यांची अदलाबदल करून देते. चाकाचा व्यासही याच हिशेबात मोडतो. चाक लहान केले की दाते न बदलताही ओढ वाढते व वेग घटतो.

शर्यतीतील जाणते लोक हे पक्के जाणून होते. डोंगराच्या मार्गास एक जोडी, सपाट मार्गास दुसरी, असे ते निवडीत. चाकाच्या बाबतीत त्यांनी पोलादी कड्यांऐवजी ॲल्युमिनियमची कडी वापरली. पोलाद पाण्याच्या सुमारे पावणेआठ पट जड, तर ॲल्युमिनियम पावणेतीन पट. कडे अधिक जाड करावे लागले तरी वजनात बचत होतेच. शिवाय कड्यातील वजन पुढेही न्यावे लागते व गरगर फिरवावेही लागते; म्हणून वेग घेताना तेथील एक शेर गाडीवरील जवळजवळ दोन शेरांइतका भासतो.

हे शर्यतीचे साहित्य घरोघर कसे पोहोचले याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे बी.एस.ए. कंपनीची ‘गोल्ड स्टार’ ही गाडी. ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी पुरी करणाऱ्यास सुवर्णतारकेचे पदक मिळे. १९३७ मध्ये वॉल्टर हँडली याने ते बी.एस.ए.वर मिळविले, आणि पुढील वर्षी त्या नावाची गाडी बाजारात आली. १९५६ पासूनच्या तिच्या क्लबमन नमुन्याचा पहिला गिअर इतका लांब होता की त्या एका गिअरवरच ती ताशी ६० मैलांच्या आसपास जाई. शर्यतीत हे भूषण. पण शहराच्या चौकात सुरुवात करताना चालकास क्लच बराच वेळ अर्धवट दाबून धरावा लागे.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील ‘एस कॅफे’ हे उपाहारगृह १९३८ साली निघाले, महायुद्धातील बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि १९४९ मध्ये पुन्हा उभे राहिले. तेथे जमणारे तरुण कामगार नवी शर्यतीची गाडी घेऊ शकत नव्हते. मग जुन्या गाडीवरच ते शर्यतीचे साज चढवीत. नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून ‘ट्रायटन’ नावाची गाडी त्यांनी प्रसिद्धीस आणली. हलकी कडी, निराळ्या दात्यांची स्प्रॉकेटे, खाली वाकविलेले हँडल हे सर्व ते स्वतःच्या हातांनी जुळवीत. दोन्ही स्प्रॉकेटे एका रेषेत आणणे, तारा एकेक करून ताणून चाकाची डगमग काढणे, साखळीचा ढिलेपणा मोजणे, ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात शिकविली जात नव्हती. तिचे मोल मी थोडे लेखीत नाही.

परंतु त्यांचे ध्येय ताशी शंभर मैलांचे होते, आणि रस्ता मात्र सर्वांचा होता. सत्तर मैलांवरून शंभरावर गेले असता गाडीच्या अंगातील गतिशक्ती दुप्पट होते. ब्रेक मात्र बहुधा तेच जुने ड्रमचे राहत. ज्या गाडीचा वेगदर्शक गिअरपेटीवरून चाले, त्याचा काटा स्प्रॉकेट बदलल्यावर खोटे बोलू लागे. कित्येक तरुण रस्त्यावर प्राणास मुकले. १९६२ मध्ये बिल शेरगोल्ड या धर्मोपदेशकाने स्वतः मोटारसायकलवरून त्यांच्यात जाऊन त्यांना ‘फिफ्टी-नाइन क्लब’मध्ये आणले. डिसेंबर १९६५ मध्ये ब्रिटनने ताशी ७० मैलांची मर्यादा घातली. एस कॅफे १९६९ मध्ये बंद पडले; ते २००१ मध्ये पुन्हा उघडले.

त्यानंतर एकसंध ओतीव चाके आली. शर्यतीत मॅग्नेशियमची चाके वापरू लागले. हा धातू ॲल्युमिनियमच्या दोनतृतीयांशाएवढाच जड आहे. १९७६ च्या यामाहा आर.डी. ४०० ला ओतीव चाके कारखान्यातूनच मिळू लागली. पण मॅग्नेशियमला ओल सोसत नाही. ते आतून कुजते व चिरा पडतात. शर्यतीचा संघ चाक वारंवार तपासतो व वेळीच टाकून देतो. हौशी मनुष्य मात्र तेच चाक वर्षानुवर्षे वापरू पाहतो. ॲल्युमिनियमच्या स्प्रॉकेटाचेही तसेच. ते हलके असते, पण पोलादी स्प्रॉकेटापेक्षा लवकर झिजते.

आपल्याकडे १९५५ पासून मद्रासेस तयार होऊ लागलेली बुलेट ही याच इंग्रजी घराण्यातील. तिच्या मालकांतही एक दाता वाढविण्याची हौस आहे. सपाट महामार्गावर त्याने इंजिन निवांत चालते हे खरे. पण ओझे घेऊन बोरघाट चढताना तोच दाता खालचा गिअर मागतो.

मग जुन्या गाडीस हात लावूच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. चाक आणि स्प्रॉकेट हे भाग मुळातच झिजणारे व बदलावयाचे आहेत. मात्र मूळ भाग जपून ठेवावे, सांगाडा कापू नये, आणि वेग वाढविण्यापूर्वी ब्रेकचा विचार करावा. शर्यतीसाठी घडविलेला भाग एका विशिष्ट मार्गासाठी, थोड्या तासांसाठी आणि मागे उभ्या असलेल्या मिस्त्रीच्या भरवशावर घडविलेला असतो. आपला रस्ता कोणता, आपणांस किती वर्षे चालावयाचे आहे आणि गाडी तपासणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याने खुशाल दाते मोजावयास बसावे.