शिबिर फुकट होतं, मग खर्च कुणी केला?

विषय ठरवताना आपण आधी कागद शोधतो. कागद सापडले तर विषय होण्यासारखा, नाहीतर सोडून द्यायचा. ही सवय कुठे फसवते ते एका उदाहरणावरून बघू.

समजा, तुम्हाला गरीब घरांतल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरांचा इतिहास लिहायचाय आणि क्षेत्र निवडलंय वर्धा जिल्ह्यातलं गिरड, म्हणजे समुद्रपूर तालुक्यातलं, बाबा फरीद यांच्या टेकडीचं गाव. तुम्ही वाचायला बसलात की पहिल्यांदा युरोप लागेल. १८७६ साली झुरिकच्या बिऑन नावाच्या पाद्र्यांनी शहरातली ६८ गरीब, अशक्त मुलं आपेनझेलच्या डोंगराळ भागात सुट्टीसाठी नेली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कची गरीब मुलं पेन्सिल्व्हेनियातल्या कुटुंबांकडे राहायला गेली. युरोपातल्या अशा सुट्टी-वसाहतींमध्ये मुलांचं जाताना आणि परतल्यावर वजन करायची पद्धत होती. कशासाठी? पैसा देणगीदारांचा होता, त्यांना फायदा दाखवायचा होता. म्हणून आकडे लिहिले गेले आणि उरले.

आता आपल्याकडे या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. पुढे गुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरं विदर्भात उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावी भरू लागली. राष्ट्र सेवा दल १९४१ चं. शिबिर हा त्याच्याही कामाचा कणाच. गावातलं शिबिर चालतं ते बहुतेक लोकवर्गणीवर. कुणी तांदूळ देतो, कुणी डाळ, शाळेच्या खोल्या मिळतात, गावातल्या बाया स्वयंपाकाला हात लावतात. पावती कशाची फाडणार? तांदळाची नोंद एखाद्या वहीत असेलही, पण स्वयंपाकाच्या कष्टाची नोंद कोण करतं?

म्हणजे बघा, जिथे पैसा दूरच्या माणसाचा, तिथे कागद भरपूर; जिथे खर्च गावानेच उचलला, तिथे कागद तुटपुंजा. केवळ कागदावर विसंबलात, तर तुमच्या प्रबंधात देणगीदार दिसतील आणि गाव गायब होईल.

यात अजून एक मेख आहे. फी नाही म्हणजे शिबिर सगळ्यांना परवडलं, असं समजू नका. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात उन्हाळा म्हणजे मोहफुलं आणि तेंदूपत्त्याचा हंगाम. ज्या घरात मूलही वेचायला जातं, त्या घराला शिबिराचे आठ-दहा दिवस म्हणजे तेवढी बुडालेली कमाई. उलट बाजूही आहे. सुट्टीत शाळेतली खिचडी बंद असते, तेव्हा शिबिरातलं दोन वेळचं जेवण हेच एखाद्या घराला मूल पाठवायचं मोठं कारण ठरू शकतं. उपस्थितीच्या यादीत यातलं काहीच दिसत नाही. न आलेल्या मुलांची तर यादीच नसते.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक काम करा. गावात जाऊन आधी आयोजकांना भेटू नका. ज्यांनी स्वयंपाक केला त्या आजींकडे बसा. किती पोरं होती, धान्य कुठून आलं, कुणाचं पोर आलं नाही आणि का, हे विचारा. आठवणीतली वर्षं मागेपुढे होतील, ती शाळेच्या दप्तराशी ताडून घ्या. मग आयोजकांची वही मागा. वहीत काय सुटलंय हे तोवर तुम्हाला ठाऊक झालेलं असेल.