शनिवार ते शनिवार

आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघून घ्या: एप्रिल 1955. तुम्ही अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनीआपोलिस शहरात आहात आणि या घरातल्या दोन मुलांची आई आहात. थोरला दहाचा, धाकटी सातची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तरेकडच्या तळ्यांकाठच्या केबिन्सची माहितीपत्रकं पसरली आहेत. अंगणाच्या कोपऱ्यात मळकट बर्फाचा ढीग अजून तग धरून आहे, तरी जुलैतला आठवडा आत्ताच ठरवायला हवा. उशीर केला की चांगल्या केबिन्स हातच्या जातात. भाडं शनिवार ते शनिवार.

त्यातलं एक पत्रक उचला. मागच्या बाजूला मालकाने स्वतः काढलेला नकाशा आहे: 371 नंबरचा महामार्ग, पेट्रोल पंप, चर्च, तिथून डावीकडे मातीचा रस्ता, आणि शेवटी पाण्याच्या वळणदार रेघेला लागून सहा चौकोन. पुढच्या बाजूला दर. ‘अमेरिकन प्लॅन’ घेतला तर तिन्ही वेळचं जेवण मालकांकडे. ‘हाऊसकीपिंग’ घेतलं तर केबिन, वल्ह्यांची होडी आणि सरपण त्यांचं, बाकी सगळं तुमचं. नवऱ्याने दुसऱ्या दराखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे आणि तो मोकळा झाला आहे. म्हणजे आठवडाभर चूल तुमच्याकडे, तीही लाकडाची. खर्च वाचला खरा, पण तो तुमच्या सुट्टीतून वाचला. हे या घरात कुणी मोठ्याने म्हणणार नाही. तुम्ही निदान मनात तरी म्हणा.

आता मालकिणीला पत्र लिहायचं. विजेचा फ्रिज आहे की बर्फाची पेटी? किनारा वाळूचा आहे की चिखलाचा? चादरी आणायच्या का? पाकिटावर तीन सेंटचं तिकीट लावा. उत्तर येईल: बर्फाची पेटी. जानेवारीत त्याच तळ्यावरचा बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात पुरून ठेवलेला असतो. तो ऑगस्टपर्यंत पुरतो.

एक प्रश्न मात्र तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात तुमच्याकडे कुणाला पोलिओ झाला होता का?

या शहरातल्या आयांना उन्हाळा नकोसा वाटतो. 1946 मध्ये पोलिओच्या साथीमुळे मिनेसोटाची राज्यजत्रा रद्द करावी लागली होती. 1952 मध्ये देशभरात जवळजवळ 58 हजार जणांना पोलिओ झाला. एकट्या मिनेसोटात चार हजारांहून अधिक. तुमच्याच शहरात, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेच्या नावाची संस्था 1942 पासून चालते. तिथे आखडलेल्या हातापायांवर गरम पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरीच्या पट्ट्या ठेवतात. ओल्या, तापलेल्या लोकरीचा तो वास एकदा नाकात बसला की स्वेटर धुतानाही आठवतो.

आयांना मिळणारा सल्ला सगळ्यांना पाठ आहे: गर्दीत नेऊ नका, दमू देऊ नका, गार पाण्यात कुडकुडू देऊ नका. पहिल्या अटीसाठी तळ्याकाठच्या केबिनसारखी जागा नाही. तिसरीसाठी तिच्याइतकी वाईट जागा नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचंही हेच झालं होतं ना? 1921 चा ऑगस्ट, कॅम्पोबेलो बेटावरचं उन्हाळी घर, थंड पाण्यात पोहणं, रात्री हुडहुडी, आणि मग पाय कायमचे गेले. पोहण्याने पोलिओ होत नाही, विषाणू आधीच अंगात शिरलेला असतो, हे समजायला सोपं आहे. पण मूल पाण्यात असताना काठावर उभं राहून ते स्वतःला पटवणं अवघड आहे.

12 एप्रिल, मंगळवार. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरहून बातमी येते: जोनास साल्क यांची लस गुणकारी ठरली. आदल्या वर्षी सुमारे 18 लाख शाळकरी मुलं या लसीच्या चाचणीत सामील झाली होती. देशात ठिकठिकाणी चर्चच्या घंटा वाजतात. धाकटी दुसरीत आहे आणि मोफत लस पहिली-दुसरीच्या मुलांनाच आधी मिळणार आहे. शाळेतून आलेल्या संमतीच्या कागदावर तुम्ही सही करता आणि त्याच संध्याकाळी केबिनच्या आगाऊ रकमेचा चेक पोस्टात टाकता. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी व्हाव्यात, याचा तुम्हांला आनंद होतो.

पंधरवडाही धड सरत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या लसीत जिवंत विषाणू राहून गेला होता. ती टोचलेल्या मुलांनाच पोलिओ होऊ लागतो. 27 एप्रिलला तो साठा परत मागवला जातो. 7 मे रोजी देशातलं सगळंच लसीकरण थांबवलं जातं. साठे पुन्हा तपासून थोडे थोडे सोडायला सुरुवात होते, पण धाकटीची पाळी काही येत नाही.

तुम्ही मात्र पुढच्या काळातून आला आहात. 1995 पासूनच्या पल्स पोलिओ रविवारी आपल्याकडे लेकरांच्या जिभेवर पडलेले दोन थेंब आणि करंगळीच्या नखावरची शाईची खूण तुम्ही पाहिली आहे. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, हेही तुम्हांला माहीत आहे. ही लढाई माणूस जिंकत जातो. पण ते या टेबलाशी सांगून काही उपयोग नाही. जगाचं पुढे काय झालं ते तुम्हांला ठाऊक आहे; समोर बसून पावाच्या कडा बाजूला काढणाऱ्या या मुलीचं काय होणार, ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. जुलैतला तो शनिवार रद्द करायचा की नाही, हे तुम्हांला तिच्या आईइतक्याच अंधारात ठरवायचं आहे.

तुम्ही जायचं ठरवता. मला विचाराल तर बरोबर ठरवता. भीतीपायी मुलांना उन्हाळाभर घरात कोंडून ठेवणाऱ्या आया काही चुकत नव्हत्या, पण कोंडलेलं मूलही काहीतरी गमावतच असतं.

मग याद्या सुरू होतात. चादरी, टॉवेल, रॉकेलचा कंदील, डासांचं औषध, पीठ, कॉफी, याच राज्यातल्या ऑस्टिन गावात बनणाऱ्या स्पॅम या डुकराच्या मांसाचे डबे. मासे गळाला लागतील या भरवशावर मांस कमीच घ्या, पण दोन डबे जास्त ठेवा. पाण्यात एका वेळी किती वेळ, ओठ निळे दिसले की लगेच बाहेर, दुपारी झोप सक्तीची, हे नियम वहीत लिहून नवऱ्याला वाचून दाखवा.

नकाशा उघडलाच आहे तर तुमच्या केबिनजवळचं, लीच लेकच्या काठावरचं वॉकर गावही बघा. हे नाव टी. बी. वॉकर या लाकडाच्या बड्या व्यापाऱ्याचं. त्याच्याच चित्रसंग्रहातून तुमच्या शहरातलं वॉकर आर्ट सेंटर उभं राहिलं. इथले पाइन तोडून झाले, जमीन शेतीला निकस निघाली, तेव्हा तळ्याकाठी केबिन्स बांधून भाड्याने देणं हाच अनेकांचा आधार झाला. आणि त्याही आधी? बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 22 फेब्रुवारी 1855 च्या तहाने ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी उत्तर मिनेसोटाचा प्रचंड मुलूख गमावला आणि या भागात लीच लेकभोवतीची राखीव जमीन तेवढी त्यांच्याकडे राहिली. 1889 च्या नेल्सन कायद्यानंतर तीही तुकड्या-तुकड्यांनी हातची गेली. तुमच्या माहितीपत्रकात यातलं अक्षरही नाही. ते असायला हवं होतं.

शनिवार उजाडतो. 10 नंबरच्या महामार्गाने मिसिसिपीच्या काठाकाठाने सेंट क्लाउड, मग वैमानिक लिंडबर्गच्या बालपणीचं लिटल फॉल्स, तिथून 371 ने उत्तरेला. ब्रेनर्डला थांबावंच लागतं, मुलं ऐकणारच नाहीत. लाकूडतोड्यांच्या कथांमधला पॉल बन्यन तिथे पुतळा होऊन बसला आहे, बसूनही 26 फूट उंच. तिकीट काढताना नवरा खिडकीपाशी जरा जास्तच रेंगाळतो. मुलं फाटकातून आत शिरतात आणि तो अगडबंब पुतळा मान हलवत, गडगडाटी आवाजात धाकटीला नावाने हाक मारतो, वर मिनीआपोलिसहून आल्याबद्दल तिचं स्वागत करतो. ती किंचाळून तुमच्या स्कर्टला बिलगते. मग पुढे होते. थोरला खिडकीकडे संशयाने बघतो आहे. त्याला डोळ्यांनी गप्प करा. ती अजून दहा मिनिटं इथून हलणार नाही, हलवूही नका. वॉकर इथून साठेक मैल आहे आणि दुपारचे दोनच वाजले आहेत.