रात्री आठची कबड्डी

२६ जुलै २०१४. वरळीच्या एन.एस.सी.आय. संकुलात यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्यात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. यू मुंबाने तो ४५-३१ असा जिंकला. कबड्डीप्रेमींना हा आकडा पाठ असतो. त्या दिवसाचा वार मात्र सहसा कुणी सांगत नाही. तो शनिवार होता. शनिवारी-रविवारी खेळ दाखवण्यात धाडस कसले? खरा जुगार सोमवारी, २८ तारखेला होता. माणसे दिवसभर राबून घरी परततात, घरात एकच दूरचित्रवाणी संच असतो, आणि रात्री आठला झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ लागते. त्या वेळेला कबड्डी दाखवायची, आणि सलग पाच आठवडे दाखवायची, असे ठरले होते.

त्याच आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यात भातलावणीचा हंगाम होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जुलै महिन्यात कबड्डीचे मैदान हा चिखल असतो. म्हणजे कोकणी माणूस जो खेळ पाऊस सरल्यावर खेळतो, तो आता ऐन पावसाळ्यात घरबसल्या दिसू लागला. या योगायोगाकडे पुन्हा यावे लागेल. कारण पुढच्या दहा वर्षांत तो टिकला नाही.

आधी एक प्रश्न. कामाच्या दिवसाची रात्र खेळाला विकता येते, हे प्रथम कुणाच्या ध्यानात आले?

उत्तर अमेरिकेत सापडते. तिथला ‘फुटबॉल’ म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगावर आदळण्याचा खेळ. त्याची व्यावसायिक लीग, एन.एफ.एल., रविवारी दुपारी खेळत असे. शुक्रवारची रात्र शाळांची, शनिवार महाविद्यालयांचा, रविवार व्यावसायिकांचा, अशी ही जवळजवळ जातपंचायतीने ठरवावी तशी वाटणी होती. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांना सोमवारची रात्र हवी होती. सी.बी.एस. आणि एन.बी.सी. या दोन मोठ्या वाहिन्यांनी नकार दिला. सोमवारी त्यांचे करमणुकीचे कार्यक्रम उत्तम चालत होते. प्रेक्षकसंख्येत तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या ए.बी.सी.कडे गमावण्यासारखे फारसे नव्हते. २१ सप्टेंबर १९७० रोजी क्लीव्हलँड ब्राउन्सने न्यूयॉर्क जेट्सला ३१-२१ असे हरवले, आणि ‘मंडे नाइट फुटबॉल’ सुरू झाले.

ए.बी.सी.चे क्रीडाप्रमुख रून आर्लेज यांना पुरते उमगले होते की सोमवारी रात्री केवळ फुटबॉलवेड्यांच्या जिवावर तग धरता येणार नाही. स्पर्धा मालिकांशी आहे, तर सामनाही मालिकेसारखा दिसला पाहिजे. म्हणून कॅमेरे वाढले, संथ गतीची पुनर्दृश्ये वाढली, आणि समालोचनाच्या खोलीत दोनऐवजी तीन माणसे बसली. त्यांतले हॉवर्ड कोसेल तर अनेकांना इतके असह्य होत की त्यांना शिव्या घालण्यासाठीही लोक सामना लावत.

ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. तिच्यामागे उभा असलेला कायदा मात्र अंधारात राहतो, आणि लांज्याच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे.

१९६१ साली अमेरिकी काँग्रेसने क्रीडा प्रक्षेपणाचा एक कायदा संमत केला. सर्व संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र करून विकण्याची मुभा त्याने व्यावसायिक लीगला दिली. एरवी तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरला असता. त्या बदल्यात एक अट घातली. सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी दिवसभर, जिथे महाविद्यालयीन सामना चालू असेल त्याच्या ७५ मैलांच्या आतल्या केंद्रावरून व्यावसायिक सामना दाखवला, तर ही सवलत लागू होणार नाही. १९६६ मध्ये या संरक्षणात शाळांचे सामनेही आले. म्हणजे आपल्या गावातील पोरांचा खेळ पाहायला लोकांनी घराबाहेर पडावे, यासाठी संसदेने अब्जावधींच्या धंद्याला दोन संध्याकाळी बंद केल्या.

ही अट आजही जिवंत आहे. २०२३ साली एन.एफ.एल.ने नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सामना ठेवला, तो दुपारी तीनला; सहाच्या आत संपावा म्हणून. २०२४ मध्ये ब्राझीलला शुक्रवारी रात्री सामना खेळवला, तो ६ सप्टेंबरला. दुसरा शुक्रवार अजून उजाडला नव्हता म्हणून. सोमवार आणि पुढे २००६ पासून गुरुवार व्यावसायिकांनी घेतला, यामागे प्रेक्षकांची आवड आहेच. पण शुक्रवारचे दार कायद्याने लावलेले आहे, हेही एक कारण आहे.

भारतात रात्रीच्या खेळाची वाट क्रिकेटमधून आली. ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांनी १९७७ नंतर दिव्यांखाली, रंगीत कपड्यांत, पांढऱ्या चेंडूने सामने भरवले. २८ सप्टेंबर १९८४ रोजी दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया हा देशातला पहिला दिवस-रात्र एकदिवसीय सामना झाला. २००८ मध्ये आयपीएल आली आणि रात्री आठ ही क्रिकेटची वेळ झाली. हा भाग सर्वपरिचित आहे.

पण कोकणात रात्रीचा खेळ पॅकरकडून आलेला नाही.

लांजा, राजापूर, संगमेश्वर या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवीच्या मंडळांची कबड्डी पाळी सुटल्यावरच्या वेळात, दिव्यांच्या उजेडात रंगे. हाच चाकरमानी गावी आला की गावच्या मंडळाला वर्गणी, चषक आणि सामन्यांची हौस घेऊन येई. दिवसा शेत, बागा, दुकाने, सामने रात्री. आजही कोकणातल्या पत्रकांवर आणि स्थानिक वृत्तपत्रांत एक शब्द हमखास भेटतो: ‘प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धा’. ‘फ्लडलाइट’ला इतका देखणा मराठी शब्द पुण्या-मुंबईच्या कुठल्याही समितीने घडवलेला नाही. भात कापून झाले, जमीन वाळली, की मैदान चोपून-सारवून तयार होते, फक्कीने रेषा आखल्या जातात, बांबूंवर हॅलोजन चढतात. दिवाळीनंतर सुरू झालेला हा हंगाम जत्रा, महाशिवरात्र, शिमगा करीत मेच्या सुट्टीपर्यंत चालतो. वेळापत्रक ठरवणारे दोघेच: पाऊस आणि मुंबईहून येणाऱ्यांची रजा.

आता पुन्हा २०१४. लीग उभी केली ती आनंद महिंद्रा आणि क्रीडा समालोचक चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत कबड्डीला मिळालेली दाद शर्मांच्या मनात राहिली होती. प्रक्षेपक स्टार, ज्याने पुढच्याच वर्षी मशालचे ७४ टक्के भाग घेतले. म्हणजे सामना भरवणारा आणि दाखवणारा जवळजवळ एकच झाला. आर्लेज यांना रोझेल यांच्याशी वाटाघाटी कराव्या लागत. इथे त्याची फारशी गरज उरली नाही.

तारीखही विचारपूर्वक निवडलेली दिसते. आयपीएल १ जूनला संपली होती, फुटबॉलचा विश्वचषक १३ जुलैला. खेळाच्या बाजारात एक मोकळी फट होती आणि त्यात कबड्डी बसली. सामन्याची लांबी तर अशी की जणू वाहिनीने मोजून मागावी: वीस मिनिटे, पाच मिनिटे विश्रांती, वीस मिनिटे. अमेरिकी फुटबॉलचा एक सामना तीन तासांहून अधिक चालतो, टी-ट्वेंटीही तेवढीच रेंगाळते. कबड्डी जाहिरातींसकट तासाभरात आटोपते. अर्ध्या तासाच्या दोन मालिका काढल्या की एक सामना बसतो. रात्री दोन सामने ठेवले की आठ ते दहा ही वेळ भरते. शिवाय स्पर्धा फिरत्या तांड्यासारखी होती. सलग चार रात्री एका शहरात, मग सगळा सरंजाम पुढच्या शहरात. मॅट, दिवे, कॅमेरे एकदाच उभारायचे. वाहिनीची सोय झाली. यजमान संघाच्या गुडघ्यांची मात्र नाही, कारण घरच्या मैदानावर त्याला रोज रात्री उतरावे लागे.

वेळेने खेळाचे अंतरंगही बदलले. पूर्वी चढाईची मर्यादा म्हणजे चढाईपटूचा दम. एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ चालू आहे तोवर चढाई चालू. आघाडीवर असलेला संघ मध्यरेषेजवळ रेंगाळून वेळ काढू शकत असे. मैदानावर बसलेल्या जाणत्याला त्यातही डाव दिसे, पडद्यासमोरच्या नवख्याला ते कंटाळवाणे वाटे. लीगने चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लावले आणि दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण घ्या नाहीतर बाद व्हा, असा दंडक घातला. मातीची जागा मॅटने घेतली, अनवाणी पायांत बूट आले. खेळ वेगवान झाला, यात शंका नाही, आणि तो अधिक चांगला झाला असेही म्हणता येईल. पण श्वासाची जागा घड्याळाने घेतली ती प्रशिक्षकांच्या नव्हे, प्रक्षेपणाच्या गरजेने, हे इतिहासात नोंदवून ठेवायला हवे.

पहिल्या हंगामाची प्रेक्षकसंख्या ४३.५ कोटी सांगितली गेली. त्या वर्षीच्या आयपीएलच्या ५५.२ कोटींच्या खालोखाल. हा आकडा सर्वत्र उद्‌धृत होतो. मात्र त्या काळी प्रेक्षक मोजणाऱ्या टॅम संस्थेचे मीटर शहरांतून होते. खेड्यांतील घरे मोजणीत आली ती ऑक्टोबर २०१५ पासून, बार्क या नव्या यंत्रणेत. म्हणजे कबड्डीच्या त्या गाजलेल्या यशात लांजा तालुक्यातील वाडीत बसून सामना पाहणाऱ्याची गणती नव्हती.

खेळाडूंच्या हाती पैसा आला, हे नि:संशय मोठे फळ. २०१४ च्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला. २०१८ मध्ये मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना. स्त्रियांना मात्र ही वेळ फार थोडी लाभली. २०१६ मध्ये चौथ्या हंगामाबरोबर तीन संघांची महिला स्पर्धा झाली, एका संघाची कर्णधार मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती, अंतिम सामना एका गुणाने, २४-२३ असा सुटला. एवढी अटीतटी झाल्यावर पुढचा हंगाम व्हायला हवा होता. तो झाला नाही.

आणि आता तो पावसाळ्याचा योगायोग. पहिले दोन हंगाम जुलै-ऑगस्टमध्ये झाले. तेव्हा दूरचित्रवाणीची कबड्डी आणि गावची कबड्डी एकमेकींच्या वाटेत येत नव्हत्या. एक थांबली की दुसरी सुरू. पुढे लीग वाढली. २०१७ मध्ये बारा संघ आणि १३८ सामने झाले. २८ जुलैला सुरू झालेला हंगाम २८ ऑक्टोबरला संपला. २०१८ साली ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धा होत्या. लीग ७ ऑक्टोबरपासून ५ जानेवारीपर्यंत खेळली गेली. महासाथीनंतरचा हंगाम २२ डिसेंबर २०२१ ते २५ फेब्रुवारी २०२२. दहावा हंगाम क्रिकेट विश्वचषकामागून, २ डिसेंबर २०२३ ते १ मार्च २०२४. हे महिने नेमके प्रकाशझोतातल्या स्पर्धांचे. लीगने कोकणाला लक्ष्य केले असे मुळीच नाही. ती क्रिकेटला वाट देत सरकत गेली आणि सरकत सरकत गावच्या मैदानावर येऊन उभी राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा २९ ऑगस्टला, दिवाळीच्या आधीच सुरू झाली, तीही गावाकडे पाहून नव्हे.

अडचण केवळ महिन्यांची नाही, तासांचीही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. ध्वनिक्षेपकावरच्या समालोचनाशिवाय कोकणातल्या सामन्याला रंग चढत नाही. तेव्हा मंडळाच्या हाती उरतात संध्याकाळी सात ते रात्री दहा हे तास, आणि त्यांतले आठ ते दहा वाहिनीने आधीच घेतलेले. लीगशी करारबद्ध झालेला तालुक्यातला गुणी खेळाडूही त्या दिवसांत गावच्या संघात नसतो.

अमेरिकेतील ७५ मैल म्हणजे सुमारे १२० किलोमीटर. लांज्याभोवती तेवढे वर्तुळ काढले तर चिपळूणपासून कणकवलीपर्यंतचा कबड्डीचा सारा पट्टा आत येतो. आपल्याकडेही क्रीडा प्रक्षेपणाचा कायदा आहे, २००७ चा. पण त्याचा विषय राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला मिळावे एवढाच आहे. सामना कोणत्या रात्री दाखवू नये, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही. अमेरिकेत तो झाला, कारण तिथल्या महाविद्यालयांना आवाज होता. लांज्याच्या मंडळांना वर्गणीची पावतीपुस्तके आहेत.

त्यांनी शोधलेली तोड मात्र अस्सल आहे. गेल्या काही वर्षांत कोकणातील प्रकाशझोतातल्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसू लागल्या आहेत. बांबूच्या मचाणावर एक कॅमेरा, कोपऱ्यात गुणफलक आणि मालवणी-संगमेश्वरी वळणाचे समालोचन. रजा न मिळालेला चाकरमानी विरार-नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या आपल्या वाडीचा सामना पाहतो. दहा वाजता मैदानावरचा कर्णा नियमानुसार बंद होतो. कॅमेऱ्याला जोडलेला माइक बंद करण्याचा नियम नाही. मैदानात बसलेल्यांना तेव्हा फक्त पंचांची शिट्टी ऐकू येते आणि समालोचन ऐकायला मिळते ते विरारला.