फक्त 3,000 मैल चाललेली मॅकलारेन जीटी इतकी स्वस्त का मिळते?

ब्रिटनमधल्या सेकंडहँड सुपरकारच्या जाहिराती बघत बसलात, तर एक गाडी हमखास समोर येते. मॅकलारेन जीटी. 2020 चं मॉडेल, एकच मालक, रनिंग जेमतेम 3,000 मैल. आणि किंमत बघून वाटतं, हिच्यात काहीतरी गडबड असणार.

आधी आकडा समजून घेऊ. जाहिरात ब्रिटनची, त्यामुळे रनिंग मैलात. 3,000 मैल म्हणजे साधारण 4,800 किलोमीटर. समृद्धी महामार्गाने मुंबई-नागपूर साडेतीन वेळा जाऊन-येऊन केलं की तेवढं होतं. तेही काही वर्षांत मिळून.

गंमत अशी की ही गाडी बनवली होती लांबचा पल्ला मारण्यासाठीच. जीटी म्हणजे ग्रँड टूरर. जोडीदाराला शेजारी बसवायचं, बॅगा टाकायच्या आणि दमून न जाता शेकडो किलोमीटर कापायचे, ही त्यामागची कल्पना. मॅकलारेनने 2019 मध्ये ही गाडी आणली तेव्हा ब्रिटनमध्ये तिची सुरुवातीची किंमत 1 लाख 63 हजार पौंड होती. 4 लिटरचं ट्विन टर्बो व्ही8 इंजिन, 620 पीएस ताकद, 0 ते 100 फक्त 3.2 सेकंदांत आणि टॉप स्पीड ताशी 326 किलोमीटर. इंजिन सीटच्या मागे, तरी त्याच्या वरच्या बाजूला 420 लिटरची डिकी आणि पुढच्या बॉनेटखाली आणखी 150 लिटर जागा. गोल्फची बॅग बसते, हे कंपनीने आवर्जून सांगितलं होतं. स्पीडब्रेकर आला की नाक वर उचलायची सोयही मिळते.

मग भाव का पडला? गाडी वाईट नाही, पण ती दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे. ज्याला आरामात प्रवास करायचा आहे तो बेंटली कॉन्टिनेंटल जीटी घेतो, तिथे मागेही दोन सीट आहेत. मॅकलारेनमध्ये दोनच. आणि ज्याला कानठळ्या बसवणारी सुपरकार हवी त्याला ही जरा सौम्य वाटते. त्यात मेंटेनन्सचा खर्च सुपरकारचाच, आणि वॉरंटी संपली की घेणारा दहा वेळा विचार करतो. म्हणून जुन्या जीटी 1 लाख पौंडांच्या आतही जाहिरातीत दिसतात.

आता खरा मुद्दा, कमी रनिंगचा. आपल्याकडेही 'गाडी कमी चाललीय' हे ऐकलं की घेणारा खूश होतो. पण उभी गाडी सुद्धा म्हातारी होते. टायरवर भरपूर नक्षी शिल्लक असते, पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 1220 असेल तर तो टायर 2020 च्या बाराव्या आठवड्यात बनलेला. गाडी 2020 ची आणि टायरही तेव्हाचेच असतील, तर नव्या टायरचा खर्च धरूनच भाव करायचा. ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषतं, सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, बॅटरी उतरते. म्हणून असे मालक गाडी महिनोनमहिने चार्जरला जोडून ठेवतात. सर्व्हिसही फक्त मैलांवर ठरत नाही, वर्षाला एकदा करायचीच असते. 'चाललीच नाही म्हणून सर्व्हिस केली नाही' असं विकणारा म्हणाला, की तिथेच सावध व्हायचं. वर्षाला दोन-तीन हजार मैल नियमित चाललेली, सगळे शिक्के असलेली गाडी अनेकदा जास्त चांगली निघते.

आणि 3,000 मैल खरे कशावरून? ब्रिटनमध्ये याचं उत्तर सोपं आहे. तीन वर्षं झाली की गाडीची एमओटी ही तपासणी दरवर्षी करावी लागते आणि प्रत्येक वेळी मीटरचं रीडिंग नोंदवलं जातं. गाडीचा नंबर टाकून हा इतिहास कुणालाही सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येतो. गाडीवर कर्ज शिल्लक आहे का, हे मात्र पैसे भरून वेगळं तपासावं लागतं. एवढ्या महाग गाड्या तिथेही बऱ्याचदा हप्त्यावरच घेतलेल्या असतात.

राहता राहिला कमेंटमधला नेहमीचा प्रश्न: 'स्टिअरिंग उजवीकडेच आहे, मग मुंबईला आणू का?' मॅकलारेनने 2022 मध्ये मुंबईत शोरूम उघडली, त्यामुळे सर्व्हिसची सोय आहे. पण भारताच्या नियमानुसार बाहेरून आणायची जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जास्त वयाची चालत नाही, आणि वर भरमसाट कस्टम ड्युटी. 2020 ची जीटी केव्हाच या नियमाबाहेर गेली.