सुप्याला जाळलेले कागद

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांत शिरले. त्यांना हवे होते कर्जाचे कागद. वह्या आणि रोखे, हाती लागले ते त्यांनी जाळले.

इंग्रजांच्या पाहणीनंतर जमीन खातेदाराच्या नावे लागली आणि गहाण टाकता येऊ लागली. पुढे अमेरिकेतल्या युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिथला कापूस अडला, इथे भाव चढला, तसा सावकारानेही हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडले. सरकारने मात्र सारा वाढवला.

खरी गोम रोख्यात होती. १८५९च्या कायद्याने रोखा तीनच वर्षं चाले. कायदा कुळाच्या भल्याचा, पण झालं उलटंच! सावकार मुदत संपायच्या आत नवा रोखा लिहून घेई, थकलेलं व्याज मुदलात घाली, आणि त्यावर पुन्हा व्याज. कागदावर एकच आकडा. त्यात मुद्दल किती, कोण सांगणार? घरातल्या बाईला तर विचारतंय कोण! जमीन गेली तरी बऱ्याचदा जुना मालकच ती कसायचा, पीक सावकाराच्या घरी.

१८७९च्या कायद्याने कोर्टाला कर्जाचा हिशेब मुळापासून तपासता येऊ लागला. भरलेल्या पैशाची पावती देणं सावकाराला भाग पडलं, आणि मागितलं तर पासबुकसुद्धा.