'ढ' कोण : मूल की धडा?

शाळेत एखाद्या मुलाला 'ढ' का म्हणतात, याचे एक गमतीदार कारण सांगितले जाते. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक सगळी अक्षरे बदलत गेली, 'ढ' मात्र जवळपास होता तसाच राहिला. म्हणून कितीही शिकवले तरी ज्याच्यात फरक पडत नाही, तो 'ढ'!

गंमत इथेच संपते. कारण हा शिक्का बसलेली मुले आमच्याकडे पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन येतात. त्यातल्या अनेकांची तक्रार सोमवारी सकाळी वाढते आणि मे महिन्यात गायब होते. सोबतचे पालक म्हणतात, "डॉक्टर, याच्या लक्षातच राहत नाही काही. एखादं टॉनिक लिहून द्या."

टॉनिकचा प्रश्न शेवटी घेऊ. आधी थोडा इतिहास पाहू. शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांचा विचार सुरुवातीला केला तो बऱ्याच अंशी डॉक्टरांनी. त्यांनी दोष मुलात शोधायला सुरुवात केली आणि हळूहळू त्यांचे लक्ष मुलाकडून धड्याकडे वळले.

इतार ते माँटेसरी

सन 1800 मध्ये फ्रान्सच्या आव्हेरों भागातील जंगलात सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा सापडला. त्याला बोलता येत नव्हते. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील तरुण डॉक्टर ज्यां इतार यांनी त्याला शिकवायचे ठरवले आणि त्याचे नाव ठेवले व्हिक्टर. ऐकून-बोलून शिकण्याची वाट बंद दिसली, तेव्हा इतारांनी स्पर्श, ऊन-गार यांची जाणीव, वस्तूंची चित्रे, कापून काढलेली सुटी अक्षरे अशा दुसऱ्या वाटा शोधल्या. व्हिक्टर 'दूध' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाची अक्षरे जुळवू लागला. बोलायला मात्र तो जवळपास शिकलाच नाही. काही वर्षांनी इतारांनी तो प्रयोग थांबवला. प्रयोग फसला असे लोक म्हणाले, पण साधने उरली. इतारांचे शिष्य एदुआर सेगाँ यांनी तीच पद्धत बौद्धिक वाढ मागे राहिलेल्या मुलांसाठी वाढवली आणि 1846 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

पुढची कडी आपल्या ओळखीची आहे. मारिया माँटेसरी 1896 मध्ये रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. त्या काळी 'मंदबुद्धी' म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसोबत काम करताना त्यांनी इतार आणि सेगाँ यांचे लेखन अभ्यासले. त्यांच्या हाताखालची काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. सगळे कौतुक करत होते, तेव्हा माँटेसरींना वेगळाच प्रश्न पडला : मग धडधाकट मुले इतकी मागे का? 1907 मध्ये रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी 'बालगृह' उघडले. बोटांनी गिरवायची पॉलिशपेपरची अक्षरे तिथल्या सगळ्या मुलांच्या हाती आली. मोजक्या मुलांसाठी बनवलेली सोय सगळ्यांच्या उपयोगी पडली.

पर्सीच्या शिक्षकाला जे कळले होते

माँटेसरी डॉक्टर झाल्या त्याच वर्षी, 1896 मध्ये, इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली. मुलगा हुशार, खेळात तरबेज, बीजगणित भराभर सोडवणारा. दृष्टी चांगली. पण साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःच्या नावातली अक्षरेही उलटसुलट व्हायची. 7 हा आकडा तो ओळखे, पण तोच अक्षरांत लिहिला की अडकायचा. मॉर्गननी याला 'जन्मजात शब्दांधत्व' म्हटले. आज आपण त्याला डिस्लेक्सिया म्हणतो.

त्या लेखात पर्सीच्या शिक्षकांचे मत नोंदवले आहे. सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे ते म्हणत. निदान डॉक्टरांनी केले. उपायाची दिशा मात्र शिक्षकांच्या वाक्यात होती. पर्सीचा मेंदू वेगळा होता हे खरेच, पण तो अडत होता ते शिकायची एकच वाट, म्हणजे छापील शब्द, समोर असल्यामुळे.

कोसबाडची टेकडी

1939 मध्ये माँटेसरी मद्रासला आल्या आणि युद्धाच्या काळात भारतातच राहिल्या. त्यांचे विचार मात्र त्याआधीच इथे पोहोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ते आपल्या मातीत रुजवले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला, आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करू लागल्या.

तिथे अडचण वेगळीच होती. मुले शाळेत येतच नव्हती. कुणाच्या कडेवर धाकटे भावंड, कुणाकडे गुरे राखायचे काम. 'आळशी', 'अडाणी' म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी शाळाच बदलली. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. भावंडांसाठी शाळेशेजारी पाळणाघर आले. गुराख्यांसाठी कुरणावर 'कुरणशाळा' भरली. महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, खडे, शिंपले आले. मूल कुठे कमी पडते यापेक्षा शाळेची वाट कुठे अडते, हे त्यांनी आधी पाहिले.

रॅम्पपासून धड्यापर्यंत

अमेरिकेतील वास्तुविशारद रॉन मेस लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाची खुर्ची वापरत. इमारत बांधून झाल्यावर अपंगांसाठी काहीतरी जोडण्यापेक्षा आराखडाच सर्वांना चालेल असा करा, हा त्यांचा आग्रह होता. 'सार्वत्रिक रचना' ही कल्पना 1980च्या दशकात त्यांच्यामुळे रूढ झाली. आमच्या रुग्णालयांतला रॅम्प पाहा. केला खुर्चीवाल्यांसाठी, वापरतात गुडघेदुखीचे आजोबा, गरोदर बाई आणि ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलणारे मामाही.

त्याच दशकात, 1984 मध्ये, मॅसॅच्युसेट्समध्ये ॲन मेयर, डेव्हिड रोझ आणि सहकाऱ्यांनी 'कास्ट' ही संस्था काढली. शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना संगणकाची मदत देऊन वर्गात टिकवणे हा सुरुवातीचा हेतू. पण काही वर्षांत त्यांना कळले, की एकेका मुलाला दुरुस्त करत बसण्यापेक्षा अभ्यासक्रम दुरुस्त करायला हवा. मेस यांची कल्पना त्यांनी धड्याला लावली. पर्सीच्या शिक्षकांच्या वाक्यानंतर साधारण नव्वद वर्षांनी!

त्यांची तीन सूत्रे साधी आहेत : मुलाला गोडी लागायच्या अनेक वाटा, माहिती पोहोचवायच्या अनेक वाटा, आणि आले की नाही हे दाखवायच्याही अनेक वाटा.

पचनसंस्थेचा धडा घ्या. उद्दिष्ट एकच : अन्न कोणत्या क्रमाने पुढे जाते आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे काय होते, हे कळणे. धडा मोठ्याने वाचा, फळ्यावर आकृती काढा, भाकरीचा घास दोन मिनिटे चघळायला लावा. लाळेने पिठूळ पदार्थाची साखर होऊ लागते आणि घास गोडसर लागतो. मग कुणी उत्तर लिहील, कुणी आकृतीला नावे देईल, कुणी तोंडी सांगेल. उद्दिष्ट सोपे केलेले नाही, वाटा वाढवल्या आहेत. अर्थात, धडा शुद्धलेखनाचा असेल तर लिहायलाच हवे. तिथे तोंडी उत्तर चालणार नाही.

याचा फायदा फक्त डिस्लेक्सियाच्या मुलाला होत नाही. मागच्या बाकावरचे, चष्म्याची गरज असून तो न लागलेले मूल, सर्दीने कानात पाणी साठून कमी ऐकू येणारे मूल, घरी वारली किंवा पावरी बोलणारे मूल, या सगळ्यांना होतो.

एक सावधगिरी. "आमचा मुलगा बघून शिकणारा, मुलगी ऐकून शिकणारी" असे कप्पे पाडू नका. अशा 'शिकण्याच्या शैली'प्रमाणे शिकवल्याने फायदा होतो, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. अनेक वाटा सगळ्यांना खुल्या ठेवायच्या आहेत.

पालकांनी काय करावे?

1. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. रक्तक्षय, अपुरी झोप, थायरॉइड, फिट्स यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

2. वाचन-लेखनाची अडचण टिकून राहिली, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांनंतर मिळते, पण मदतीसाठी तोपर्यंत थांबू नका.

3. टॉनिकने वाचन सुधारत नाही. डिस्लेक्सियावर गोळी नाही. पद्धतशीर, नेमाने शिकवणे हाच उपचार. (अवधान कमी असण्याच्या विकारावर औषधे आहेत, ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच.)

4. शिक्षकांना भेटाल तेव्हा "हा मागे का?" एवढेच न विचारता "हा धडा याच्यापर्यंत आणखी कशाने पोहोचेल?" असेही विचारा. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकांची ओढाताण होते, हे लक्षात ठेवून विचारा.

प्रमाणपत्राने परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळतो, आणि तो मुलांचा हक्कच आहे. पण परीक्षा वर्षातले थोडे दिवस असते, वर्ग मात्र रोज भरतो. सोमवारची पोटदुखी थांबायची असेल, तर बदल त्या रोजच्या तासात व्हायला हवा.